कोण देतंय मान?

खोलीत एक खुर्ची, एक आरसा, एक वस्तरा आणि सहा माणसं होती. खुर्चीत मात्र कोणी बसेना. चाकूहल्ल्याची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची आज न्हावीकामाची परीक्षा होती. नव्या कायद्यानुसार पास झाला, तर दोन वर्षं लवकर सुटका. एक ओरखडा उठला, तरी नापास. वर्षभर त्यानं साबण लावलेल्या फुग्यांवर हात बसवला होता. परीक्षकाला जिवंत माणूस हवा होता. "सुधारलेल्यांना मान द्या, म्हणतो कायदा," जेलर हसला. "कोण देतंय मान?" "मी देतो," म्हातारा शिपाई कॉलर उघडून बसला. वस्तरा गळ्याला टेकला. कैद्यानं तो लगेच मागे घेतला. "काका, भीती वाटते." "मलाही. पण बाहेरचा न्हावी पैसे घेऊन कापतो, तू निदान फुकट." कैदी हसला; वस्तरा पुन्हा टेकवून चालवू लागला. अठरा मिनिटांनी परीक्षकानं भिंगातून मान तपासली आणि लिहिलं: ओरखडे शून्य.