मानाची बाजू

होडी ढालीच्या उजव्या अर्ध्या भागात होती. निळी, शीड फुगलेली, चांगली ऐसपैस. केळीचा घड डावीकडे होता.

डोरीन डायनिंग टेबलापाशी पर्स खांद्याला तशीच ठेवून उभी राहिली. लेकीचा, ट्रिशाचा, शाळेचा प्रोजेक्ट तिथे वाळत पडला होता. जुन्या सरदारांच्या ढालींवर असायचं तसं प्रत्येकाने स्वतःचं मानचिन्ह करायचं होतं. होडी म्हणजे तिचा डॅडी ऑगस्टिन, वसईच्या पाचूबंदरचा. घड म्हणजे डोरीन, निर्मळच्या केळीच्या वाडीतली. हे तिला कुणी सांगायला नको होतं. शेजारी टीचरने दिलेला नियमांचा कागद होता. तिने तो दोनदा वाचला. उजवी बाजू मानाची. डावी तिच्या खालची.

ऑगस्टिनला घर सोडून वर्ष झालं होतं. तो तिकडे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला ट्रुगानिनाला, या दोघी इथे ग्लेन वेव्हर्लीत. आता त्याला मुलगी कायमची तिकडे हवी होती. शुक्रवारी काउन्सेलर बाई बारा वर्षांच्या ट्रिशाला एकटीला बसवून विचारणार होत्या, कुणाकडे राहायचंय. तोवर आईवडिलांनी तिला काही विचारायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. डोरीनने ती पाळली होती. पण डब्यात सँडविच उरलं तरी ती त्याचा अर्थ लावत बसायची. आणि इथे तर अर्थ रंगवून समोर ठेवला होता.

डावललं मला, तिच्या मनात आलं. शब्दातच डावं होतं.

ट्रिशा बोटांवरचा ग्लू सोलत खोलीतून आली.

"होडी उजवीकडे का गं काढलीस?" डोरीनच्या तोंडून निघून गेलं.

"उजवीकडे कुठेय? डावीकडे आहे ती."

"मला दिसतंय ना."

"मम्मा, तू समोरून बघतेस. उजवं-डावं ढाल धरणाऱ्याचं धरायचं." ट्रिशाने ढाल उचलून छातीशी धरली. घड तिच्या उजव्या हाताशी आला. "एक्स-रेसारखं. दिवसभर तेच तर करतेस तू."

डोरीन अकरा वर्षं रेडिओग्राफर होती. पेशंटचा उजवा हात फिल्मवर बघणाऱ्याच्या डावीकडे येतो, हे ती नव्या ट्रेनींना पहिल्याच दिवशी शिकवायची. ती खुर्ची ओढून बसली. पर्स खांद्यावरून घसरली, ती तिने पडू दिली.

"म्हणजे मानाची बाजू माझी?"

"हो." ट्रिशाने ढाल थोडी वर घेतली. आता तिचे फक्त डोळे दिसत होते. "पण डॅडीला सांगू नकोस हं. फोटो पाठवून, उजवी बाजू मानाची, एवढंच मी त्याला सांगितलंय. तो समोरून बघून खूश आहे."