मधल्या पाण्यात

रविवारची शेवटची सवारी उतरवून रुपरावनं डोंगा काठाला लावला. नागपूरहून कन्हान नदीवर पिकनिकला आलेली मंडळी पानगे आणि वांग्याची भाजी हाणून, कुणी खिंडसी तलावाकडे, कुणी घराकडे पांगली होती. पळसाच्या पानांत कणीक थापून गोवऱ्यांवर ते पानगे भाजले होते त्याच्या बायकोनं, जयवंतानं. धुरानं तिचे डोळे अजून चुरचुरत होते.

उद्या डोंगा वस्तीतल्या बाबारावच्या ताब्यात जायचा होता. रुपरावला खापरखेड्याच्या पॉवरहाऊसात नोकरी लागली होती, कॉलनीत खोलीही मिळाली होती. सगळ्या वस्तीनं तोंडभरून कौतुक केलं. जयवंतानंही हौसेनं पेढे वाटले. नदी सोडून जायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण एवढ्या खुशीतल्या माणसाच्या आनंदावर विरजण कशाला घालायचं?

"अजी, आज मले फिरवून आना ना डोंग्यात," ती म्हणाली.

"तुले? काहून वं? जनमभर नदीवरच तर राहून राहिली."

"शहरातल्या बायांले नेता, तसंच न्या."

रुपराव हसला. पण त्यानं हात पुढे केला, अगदी शहरातल्या बायांना करायचा तसा. एरवी ती गुडघाभर पाण्यातून डोंग्याला धक्का द्यायची आणि मागून चढायची. आज हात धरून बसली आणि चक्क लाजली.

ऊन कलून पाण्यावर पसरलं होतं. पलीकडचा काठ धूसर झाला होता. कुठं पोचायची घाई नव्हती. पहिल्यांदाच तिला नदी एवढी रुंद वाटली.

"कॉलनीत नळ हाये," रुपराव म्हणाला. "तुले घागरी वाहा लागनार नाही."

"हो. बरंच हाये."

मधल्या पाण्यात आल्यावर त्यानं आपली नेहमीची थाप सुरू केली. "बाई, हे जागा लय पावरफुल. पान्यात हात घाला, डोळे मिटा अन् मांगा. भेटतेच."

ही गोष्ट त्यानंच रचली होती, सवाऱ्यांच्या करमणुकीसाठी. घरी तिची आठवण काढून दोघं पोट धरून हसायची. आज जयवंताला हसू आलं नाही. तिनं हात पाण्यात सोडला, डोळे मिटले आणि मनापासून मागितलं.

डोंगा आपल्या मनानं वाहत होता. वल्ह्याचा आवाज येईना, म्हणून तिनं मागे वळून पाहिलं.

वल्हं आडवं पडलं होतं. रुपरावचा हात मनगटापर्यंत पाण्यात होता आणि डोळे गच्च मिटलेले.