नकाराचा गृहपाठ

व्यक्तिस्वातंत्र्य, अर्थशास्त्र आणि आत्मविकास एकाच पंख्याखाली शिकवणाऱ्या सरांनी तरुण मंडळींना गृहपाठ दिला. "या आठवड्यात एकाला तरी ठाम नकार द्या. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आवाज चढवायचा नाही, कारण सांगत बसायचं नाही. तुमचा वेळ तुमच्या मालकीचा!"

कापडाच्या दुकानात कामाला असलेल्या मुलीने मालकांना रविवारच्या फुकट कामासाठी अस्साच नकार दिला. तिने ते सांगताच वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. सर तर उभं राहून वाजवत होते.

वर्ग सुटल्यावर ती दाराशी घुटमळली. "सर, मालक म्हणाले, आता तुला रोजच रविवार. घरात कमावती मी एकटीच. तुमच्याकडे काही काम मिळेल? झाडलोटसुद्धा चालेल."



सरांनी तिच्या डोळ्यांत बघितलं, आवाज जराही चढवला नाही आणि कारण काही ते सांगत बसले नाहीत.