टाकीतली पाहुणी

"भाऊ, गाडी हयू चालाड ना! मनं डोकं आपटस." टँकरच्या टाकीतून आवाज आला.

लोटनने ब्रेक दाबला आणि मनातल्या मनात मारुतीचं नाव घेतलं. पाणी वाहण्यात त्याचा जन्म गेला, पण टाकीत आसरा, म्हणजे विहिरीतली जलदेवता, घेऊन निघायची ही पहिलीच खेप. नरडाण्याजवळची विहीर कारखान्याच्या कुंपणात गेली होती, आज ती बुजवणार होते. तिथल्या सात आसरांपैकी सहा जणी कधीच तापीत निघून गेल्या. ही धाकटी झोपाळू, ती मागे राहिली आणि लोटनने उपसलेल्या तळच्या पाण्याबरोबर टाकीत आली. पाणी संपलं की तीही संपणार. उद्या आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण. गावोगावचे भाऊ बहिणींना माहेरी आणायला निघाले होते, आणि हिला बहिणींकडे पोचायचं होतं.

आसरा माणूस पाण्यात ओढून नेतात, असं लोटन लहानपणापासून ऐकत आलेला. ही मात्र वाटभर नुसती बडबडत होती. खरं सांगायचं तर त्याला तिचा लळाच लागला होता.

वळणावर बायांनी टँकर अडवला. हंडे, कळश्या, बादल्या, नुसती झुंबड.

"अक्का, हाई पेवानं पानी नही शे! वाट सोडा!" लोटन ओरडला.

"मंग काय दूध शे का?" म्हणत भागाबाई नावाची म्हातारी सरळ चाकापुढे बसली.

टाकीतून थाप पडली. ती फक्त लोटनलाच ऐकू आली. "पानी वत, भाऊ."

"आनि तू?"

"बायास्नीच आमले चोळी-बांगड्या दिन्यात. आते नही कशी म्हनू?"

लोटनने कॉक उघडला. हंडे भरत गेले, तसा तिचा आवाज बारीक होत गेला. तो उगाचच बायांवर खेकसत राहिला. शेवटी त्याने आपली पाण्याची बाटली रिकामी करून कॉकखाली धरली. ती अर्धी भरली आणि धार तुटली.

मुडावदला तापीच्या संगमावर तो गुडघाभर पाण्यात शिरला आणि बाटली उलटी केली. नदी आपली वाहत राहिली. लोटनला रडूच कोसळलं.

"बोल ना वं, बाई, काहीतरी!"

पायाशी पाणी खळखळलं आणि बायकांच्या हसण्याचा एकच गलका उठला. त्यात धाकटीचाच आवाज मोठा. लोटनचा जीव भांड्यात पडला. तो मटकन वाळूवर बसला आणि डोळे पुसता पुसता हसायला लागला.

"हाऊ कोन शे वं?" थोरलीने विचारलं.

"मना भाऊ. आखाजीले माले पोचाडाले उना."

 मग थोरली जरा लाजतच म्हणाली, "आमले आजलगून कोनी लेवाले उना नही. पुढला सालले येशी का, भाऊ? सातही बहिनीस्ले लेवाले?"

"येसू ना, अक्का," लोटन म्हणाला. "टाकी धोईसन आनसू."