आईच्या जागी

आईची विळी न्यायला शालन शाळेच्या स्वयंपाकघरात आली, तेव्हा खिचडी शिजून तयार होती. सातवीच्या मुलींनी तांदूळ निवडले होते, बाईंनी फोडणी दिली होती आणि गुरुजी बाह्या सरसावून पातेलं उतरवत होते.

"तुझी आई गेल्यापासून सगळे मिळून करतो बघ," गुरुजी म्हणाले. "पंधरा दिवसांत पोरं एकदाही उपाशी राहिली नाहीत."

तालुक्याच्या डॉक्टरांनी आईला दोनच दिवस मोठ्या दवाखान्यात तपासणीला जायला सांगितलं होतं. ते दोन दिवस आईने सहा महिने पुढे ढकलले. "मी नसले तर पोरांना खायला कोण घालील?" एवढंच म्हणायची.

"गुरुजी, आईने कधी सुट्टी मागितली होती?"

"छे, कधीच नाही! मागितली असती, तर दोन दिवस काय, महिनाभर निभावलं असतं आम्ही."

एका मुलीने शालनपुढे ताटली ठेवली. "मावशींनीच शिकवलीय आम्हाला. त्यांच्यासारखी झालीय का, ताई?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. शालनने घास घेतला.

चव हुबेहूब तीच होती.