सैल मूठ

ओरडण्यावरून तिरंदाजीच्या सरांना सगळे पाठीमागे 'तोफसर' म्हणत. त्यांच्या हाताखालची एक पोरगी बाण सुटताना धनुष्याची मूठ हमखास आवळायची, मग बाण भलतीकडे जायचा, आणि सहा महिने सरांचं एकच पालुपद चालू होतं: "मूठ सैल सोड गं! मनगटाला पट्टा बांधलाय ना? पडत नाही तुझं धनुष्य!"

आज निवड चाचणीचा शेवटचा बाण होता. संघात यायचं तर पूर्ण दहा गुण हवे होते आणि घड्याळात वीस सेकंद उरले होते. तिने दोर गालापर्यंत ओढला. खांदा खाली, कोपर सरळ रेषेत, सगळं अगदी शिकवल्याबरहुकूम. घाम पुसायला सरांनी खिशात हात घातला, तर रुमालाऐवजी हाताला लागला तो तिचा पट्टा. घामाने चिंब झाला म्हणून मघाशी त्यांनीच काढून पिळला होता, आणि परत बांधायचा राहून गेला होता.

तिने नेम धरलेला, आता मागून ब्र काढायची सोय नव्हती. 'आवळ गं बाई मूठ, आजच्या दिवस माझं ऐकू नकोस,' ते मनातल्या मनात विनवत राहिले.

बाण सुटला. तिची बोटं मोकळीच राहिली. बाण दहाच्या वर्तुळात रुतला आणि धनुष्य धाडकन जमिनीवर आदळलं.

 

"पट्टा नाही हे धनुष्य उचलतानाच कळलं होतं, सर," ती खाली मान घालून म्हणाली, "पण मूठ आवळली असती तर तुम्ही ओरडला असतात."