एका लाइनवर दोन घरं

"ती शेअरिंगची टिक केली का?" बाबांनी खुर्चीतूनच विचारलं.

"केली, बाबा. आता तुम्ही जरा गप्प बसता का?"

खिडकीतून वर गेलेली निळी वायर तिने पुन्हा दाबून बसवली. घरातल्या कॉम्प्युटरला आलेलं इंटरनेट त्याच कॉम्प्युटरमधून वरच्या भाडेकरूला द्यायचं होतं. भाडेकरू गणिताचे सर. एकटेच राहायचे आणि मुलांना ऑनलाइन शिकवायचे. वर मोबाइलची रेंज म्हणजे पाहुण्यासारखी, आली तर आली. 'आमच्याकडून घ्या की,' असं बाबाच म्हणून बसले होते.

"राउटर आणला असता तर चुटकीसरशी झालं असतं," ती पुटपुटली.

"त्या डब्याला माणसाची ओळख असते का? मधे माणूस पाहिजे."

बाबांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोरी. दोरीचं एक टोक इकडे, दुसरं तिकडे, आणि 'बोला' म्हणायचं. बारशाच्या, मरणाच्या, निकालाच्या बातम्या त्यांच्या बोटांखालून गेल्या होत्या. "जोडून दिलं की आपण कान काढून घ्यायचा," ते सांगत. "पण लाइन तुटली, तर ते आधी आपल्याला कळलं पाहिजे."

जिन्यावर धपाधप पावलं वाजली. सर दारात उभे होते.

"आलं! पण नेटवर्कच्या यादीत 'बंडू' नावाचं मशीन दाखवतंय. हा बंडू कोण?"

तिचा हात माउसवर थांबला.

"माझा मुलगा," बाबा म्हणाले. "हे मशीन त्यानेच जोडलं. नावही त्यानेच दिलं. तो नाही आता."

सर ओशाळले. ती चहा टाकते म्हणून आत गेली. चहा व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला.

या व्यवस्थेत एक गोम होती. खालचा कॉम्प्युटर बंद झाला की वरचं इंटरनेटही जायचं. ती घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची आणि काम संपलं की मशीन बंद करायची. दुसऱ्याच दिवशी सर तावातावाने खाली आले.

"अहो, माझं समीकरण लटकलं ना अर्ध्यात! पोरांना उत्तर काय सांगू?"

"शून्य सांगा," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली.

बाबांनी पेपर खाली केला नाही. पण पानही उलटलं नाही.

मग रिवाज पडला. बंद करण्याआधी ती खिडकीतून हाक मारायची, "सर, बंद करतेय हं!" वरून उत्तर यायचं, "दहा मिनिटं!" ती दहा मिनिटं लांबत लांबत चहापर्यंत पोचली. सर तिच्या नकाशांत नाक खुपसू लागले.

"हा जिना माणसांसाठी आहे की बकऱ्यांसाठी?"

"गणितवाल्यांसाठी. त्यांना उतार कळतो म्हणे."

अधूनमधून ती निळी वायर आपोआप सैल व्हायची. सर खाली यायचे, दोघं टेबलाखाली वाकून शोधायची. बाबा अशा वेळी हटकून शब्दकोडं सोडवत असत.

पावसाळा सरता सरता सरांना दुसऱ्या शहरात कॉलेजात नोकरी मिळाली. त्यांनी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. मग ते बाबांकडे आले.

"मी विचारून पाहिलं," ते खाली मान घालून म्हणाले. "कारण सांगत नाहीत."

"कारण खुर्चीत बसलंय," बाबा म्हणाले.

संध्याकाळी ती भाजी निवडत होती. बाबा समोर येऊन बसले.

"नाही का म्हणालीस?"

"मी गेले तर तुमचं कोण बघणार?"

"मी काय तान्हा आहे?"

"बाबा, थट्टा नको."

"बरं, नाही करत. लेकीने जन्मभर बापाची राखण करत बसायचं असतं का?"

तिने मान वर केली. भाजीची जुडी खाली ठेवत म्हणाली, "तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल की. बोलणं संपलं की बोर्डावरची दोरी काढावी लागायची, तेव्हासुद्धा वाटायचं. म्हणून काय दोरी जोडायचीच नाही?"

नकारानंतर थांबलेली हाक ती त्या आठवड्यात पुन्हा मारायला लागली, "सर, बंद करतेय हं!" पण आता उत्तराची वाट न पाहता स्वतःच जिना चढायची.

कॉम्प्युटर तिने बरोबर न्यावा, तिचं सगळं काम त्यावर आहे, असं बाबांनी ठरवूनच टाकलं. बांधाबांध करण्याआधी ती त्याच्यासमोर बसली. मशीनचं नाव बदलायची खिडकी तिने उघडली होती. त्यात 'बंडू' लिहिलेलं होतं आणि पुढे रेघ लुकलुकत होती.

"बाबा, हे... बदलू?"

बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाव राहू दे, पोरी. नावाला कुठे जागा लागते? तू जा."

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. सरांकडून त्यांची बहीण आणि एक मित्र. तिच्याकडून एकटे बाबा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सही त्यांनी स्वतःच्या पेनाने केली.

"वधूचे साक्षीदार तुम्ही ना?" कारकुनाने मान वर न करता विचारलं. "नातं काय लिहू? वडील?"

बाबांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं.

"सासरा," ते म्हणाले.